मुंबई मागून घेतली

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्सुकतेचा प्रश्न मिटेल. गुरुवार, ५ नोव्हेंबर १९८७. वानखेडे स्टेडियम, रिलायन्स विश्वचषकाचा उपांत्य सामना. भारताच्या डावातलं सेहेचाळिसावं षटक, तिसरा चेंडू. गोलंदाज एडी हेमिंग्ज, वय ३८. रवी शास्त्री झेलबाद, झेल यष्टिरक्षक डाउंटनचा. भारत सर्वबाद २१९, इंग्लंड ३५ धावांनी विजयी.

आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. पण क्रिकेटचं वेड जिल्ह्याची हद्द पाहून येत नाही. त्या संध्याकाळी पानठेल्यांवर एकच वाक्य होतं आणि त्या पिढीतला माणूस आजही तेच म्हणतो : 'नशीबच फुटकं निघालं ना बावा.' खरंच नशीब किती आणि आपल्या हाताने किती, हे पाहायचं तर त्या झेलापासून उलटं मोजत जायला हवं. शेवटच्या दिवसाचे तास मी षटकांच्या हिशेबाने धरले आहेत. दहा-पंधरा मिनिटं इकडची तिकडे होतील.

शेवटाला २७ दिवस

शुक्रवार, ९ ऑक्टोबर, मद्रास. साखळीतला भारताचा पहिलाच सामना, समोर ऑस्ट्रेलिया. डीन जोन्सने मनिंदरसिंगला उचलून मारलं. चेंडू सीमेच्या आत पडला की बाहेर, यावर वाद झाला आणि पंच डिकी बर्ड यांनी चौकार दिला. मधल्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थापकांनी विषय काढला. भारताचा कर्णधार कपिलदेवने मोठ्या मनाने मान्य केलं की तो षटकार होता. २६८ चे २७० झाले. भारत सर्वबाद २६९, एक चेंडू बाकी असताना. एका धावेने हार.

दोन धावा आपण देऊन टाकल्या आणि एका धावेने हरलो. तरीही आकाश कोसळलं नाही, कारण हे साखळी सामने होते. प्रत्येकाला सहा सामने, आज गेलं ते परवा भरून काढता येत होतं. २२ ऑक्टोबरला दिल्लीत त्याच ऑस्ट्रेलियाला आपण ५६ धावांनी हरवलं आणि मद्रासचं देणं फिटलं.

शेवटाला २० दिवस

१६ ऑक्टोबर, लाहोर. आपला सामना नव्हता, पण त्याचा धागा पुढे आपल्यापर्यंत येतो. वेस्ट इंडिजविरुद्ध पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. कोर्टनी वॉल्श धावत आला. सलीम जाफर चेंडू पडायच्या आधीच धाव घ्यायला रेषा सोडून निघाला होता. वॉल्शने नुसत्या बेल्स उडवल्या असत्या तरी सामना वेस्ट इंडिजचा होता. तो थांबला, त्याने जाफरला परत जाऊ दिलं आणि पुन्हा धावत येऊन चेंडू टाकला. अब्दुल कादिरने दोन धावा काढल्या.

वेस्ट इंडिज पुढे उपांत्य फेरीच्या बाहेर राहिलं. पाकिस्तान त्यांच्या गटात पहिलं आलं, इंग्लंड दुसरं. त्या बेल्स उडाल्या असत्या तर तिन्ही संघांचे चार-चार विजय झाले असते आणि सगळं धावगतीवर गेलं असतं. मग वानखेडेवर समोर कोण आलं असतं, ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. या सलीम जाफरला लक्षात ठेवा.

शेवटाला ५ दिवस

शनिवार, ३१ ऑक्टोबर, नागपूर. आपल्या विदर्भात विश्वचषकाचा सामना, न्यूझीलंडविरुद्ध.

उपांत्य फेरी भारताची पक्की झाली होती. प्रश्न होता तो गटात पहिलं कोण, भारत की ऑस्ट्रेलिया. पहिल्याला मुंबईत इंग्लंड मिळणार होतं. दुसऱ्याला लाहोरला जाऊन पाकिस्तानशी त्यांच्या अंगणात खेळायचं होतं. गुण सारखे होणार असल्याने सगळी मदार धावगतीवर होती. न्यूझीलंडने ९ बाद २२१ केल्या. चेतन शर्माने एका षटकाच्या शेवटच्या तीन चेंडूंवर रुदरफोर्ड, इयान स्मिथ आणि चॅटफिल्ड, तिघांच्याही यष्ट्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. आता भारताला हे लक्ष्य ४२.२ षटकांच्या आत गाठायचं होतं. नुसतं जिंकलं तर लाहोर, झपाट्याने जिंकलं तर मुंबई.

आणि झपाटले कोण? सुनील गावसकर! १९७५ च्या विश्वचषकात साठ षटकं खेळून नाबाद ३६ करणारा माणूस. अंगात ताप होता. चॅटफिल्डच्या एका षटकात त्याने दोन षटकार आणि दोन चौकार ठोकले. श्रीकांत दुसऱ्या टोकाला ५८ चेंडूंत ७५ करत होता आणि तरीही कधी नव्हे ते त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ८८ चेंडूंत नाबाद १०३, एकदिवसीय कारकिर्दीतलं गावसकरचं एकमेव शतक. ३२.१ षटकांत १ बाद २२४. मुदतीच्या दहा षटकं आधी काम फत्ते.

नागपूरहून गाड्या भरभरून परतलेल्या लोकांनी पुढे कित्येक वर्षं त्या डावाची वर्णनं ऐकवली. स्टेडियमच्या बाहेर राहिलेल्यांनीही ऐकवली. पण त्या दिवशी जे झालं त्याचा सरळ अर्थ असा : मुंबई आपल्या वाट्याला आली नव्हती, आपण ती मागून घेतली होती. ऑस्ट्रेलियाला आपण लाहोरला धाडलं आणि त्याचा आनंद साजरा केला. इंग्लंड आदल्याच दिवशी पुण्यात श्रीलंकेला हरवून घाटाच्या वरच थांबलेलं होतं.

शेवटाला एक दिवस

बुधवार, ४ नोव्हेंबर. लाहोरला ऑस्ट्रेलियाची फलंदाजी, शेवटचं षटक. गोलंदाज सलीम जाफर. वॉल्शने ज्याला सोडलं, तोच. स्टीव्ह वॉने त्या एका षटकात १८ धावा कुटल्या. ऑस्ट्रेलिया २६७, पाकिस्तान सर्वबाद २४९. फरक किती? १८. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

पाकिस्तान गेलं म्हटल्यावर आपल्याकडे ईडन गार्डन्सच्या अंतिम सामन्याची चर्चा सुरू झाली. आता तर काय, मैदान मोकळं! यजमानाचा स्वतःच्या घरात घात होऊ शकतो, हे लाहोरने डोळ्यांसमोर दाखवलं होतं, पण ते पाहायची कुणाची तयारी नव्हती.

मुंबईत त्या दिवसांत दोन गोष्टी घडत होत्या. एक नशिबाची, एक मेहनतीची.

नशिबाची ही, की दिलीप वेंगसरकरचं पोट बिघडलं. त्या काळात जगातल्या अव्वल फलंदाजांत ज्याचं नाव घेतलं जाई, तो मुंबईकर वानखेडेवरच्या उपांत्य सामन्याला मुकला. साखळीतल्या सामन्यात असं झालं असतं तर तो दोन दिवस मऊभात खाऊन पुढच्या सामन्याला उभा राहिला असता. बाद फेरीत पोटाला सवड नसते.

मेहनतीची ही, की ग्रॅहम गूच नेटमध्ये स्वीप मारत होता. भारताकडे मनिंदर आणि शास्त्री, दोन डावखुरे फिरकी गोलंदाज, एकूण वीस षटकं. खेळपट्टी संथ असणार, चेंडू वळणार. तेव्हा गूचने स्थानिक डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांना गोलंदाजी करायला लावली आणि प्रत्येक चेंडू गुडघा टेकून लेगला ओढला. ऑफच्या बाहेरचाही.

शेवटाला आठ तास

नाणेफेक. कपिलने जिंकली. म्हणजे दैव इथे आपल्या बाजूने होतं, हे फुटक्या नशिबाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. कपिलने इंग्लंडला फलंदाजी दिली. आदल्या दिवशी लाहोरला आधी खेळणारा जिंकला होता. तीन दिवसांनी कलकत्त्यालाही आधी खेळणाराच जिंकणार होता. लक्ष्याचा पाठलाग हा नागपूरला गंमतीचा खेळ होता, कारण तिथे हरलो असतो तरी उपांत्य फेरी होतीच. बाद फेरीत २५० चा पाठलाग म्हणजे प्रत्येक विकेटला पोटात गोळा.

वेंगसरकरच्या जागी चंद्रकांत पंडित आला. संघात किरण मोरे हा यष्टिरक्षक असताना पंडित निव्वळ फलंदाज म्हणून खेळणार होता. विदर्भातल्या वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. याच पंडितच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या वर्षी कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने जिंकला तो अवघ्या ५ धावांनी. त्या पाच धावा उलट्या पडल्या असत्या तर पंडितची शिस्त तीच राहिली असती, गुरबानीची गोलंदाजीही तीच राहिली असती, फक्त आपण त्याबद्दल बोललो नसतो.

शेवटाला सहा तास

इंग्लंड २ बाद ७९. रॉबिन्सन यष्टिचीत, अ‍ॅथी मोरेकडे झेल देऊन परत. इथवर सामना कुणाचाही होता. मग कर्णधार माइक गॅटिंग गूचच्या साथीला आला.

पुढचा सव्वा तास नीट पाहण्यासारखा आहे, कारण सामना खरा तिथे गेला. मनिंदर चेंडूला उंची द्यायचा, चेंडू मधल्या यष्टीवर किंवा बाहेर पडायचा. गूचचा डावा पाय लांब पुढे यायचा, उजवा गुडघा जमिनीला टेकायचा आणि बॅट आडवी फिरायची. स्क्वेअर लेगच्या सीमेकडे चार. कपिल तिथे माणूस लावायचा, तर पुढचा स्वीप त्याच्या पुढे किंवा मागे. शास्त्रीचीही तीच गत. गॅटिंगनेही तेच पुस्तक उघडलं. १९ षटकांत ११७ धावांची भागीदारी. मनिंदर आणि शास्त्रीच्या वीस षटकांत १०३ धावा निघाल्या. ज्या फिरकीवर आपली भिस्त होती, तिचीच धार बोथट झाली.

गूच ८२ वर असताना श्रीकांतकडे झेल गेला. अवघड होता, पण हाताशी आला होता. सुटला. पुढे मनिंदरच्या गोलंदाजीवर गूचला झेललं ते श्रीकांतनेच, तेव्हा फळ्यावर ११५ लागले होते. ३३ धावांचा फरक. सामना आपण ३५ ने हरलो. हे दोन आकडे शेजारी मांडून उसासे टाकायचा मोह होतो, पण क्रिकेटचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा नसतो. गूच ८२ वर गेला असता तर पाठोपाठ अ‍ॅलन लॅम्ब आलाच असता, आणि तोही त्या दिवशी नाबाद ३२ करून परतला.

इंग्लंड ५० षटकांत ६ बाद २५४.

शेवटाला चार तास : मधली सुट्टी

खेळाडू जेवायला गेले आहेत तोवर आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या सामन्यांबद्दल थोडं. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठेही जा, हिवाळ्यात पिकं निघाली की टेनिस बॉलचे 'भव्य खुले सामने' लागतात. प्रवेश फी भरायची, पहिलं बक्षीस अमक्यांकडून, दुसरं तमक्यांकडून, आणि सगळा मामला बाद पद्धतीचा. कारण उघड आहे : ३२ संघांची साखळी खेळवायची तर पुढचा पेरा येईल. बाद पद्धतीत ३१ सामन्यांत निकाल लागतो. चिठ्ठ्या टाकायच्या, एखाद्या लहान पोराने टोपीतून त्या उचलायच्या. संघ ३१ असले तर एकाला पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल.

आता एक हिशेब करा. समजा तुमच्या गावचा संघ इतका तगडा आहे की कुणाशीही दहा सामने खेळला तर सात जिंकतो. त्याला करंडकासाठी सलग पाच सामने जिंकायचे आहेत. ०.७ ला पाचदा गुणा : ०.१७. म्हणजे अशा शंभर स्पर्धांत तो १७ वेळा करंडक उचलेल आणि ८३ वेळा रिकाम्या हाताने घरी जाईल. त्या पोराने पुढे चालीची चिठ्ठी काढली तर १७ चे २४ होतात. एका चिठ्ठीची ही किंमत! वर्षभराच्या सरावाने एवढी मजल क्वचित मारता येते.

रणजीसारख्या स्पर्धेतही बाद फेरीचं हेच. २०२५ च्या अंतिम सामन्यात नागपूरला विदर्भासमोर केरळ आलं, ते कसं? उपांत्य सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घ्यायला गुजरातला मोजक्या धावा हव्या होत्या. शेवटच्या फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. केरळ ४५७, गुजरात ४५५. दोन धावांच्या आघाडीवर केरळ पहिल्यांदा अंतिम फेरीत. अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक विदर्भाने घेतला.

तर वानखेडेवर परत. साखळीत भारताने सहापैकी पाच जिंकले होते, इंग्लंडने चार. भारत सरस, हे धरून चालू. सामना जिंकण्याची शक्यता शंभरात साठ म्हणू. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही जिंकायची शक्यता उरते ३६. घरच्या मैदानावरचा, पाठीराख्यांनी डोक्यावर घेतलेला, आधीचा जगज्जेता संघसुद्धा शंभरात ६४ वेळा रडवणारच होता. आपण मात्र हार ही अपघात आणि जीत ही वहिवाट धरून बसलो होतो.

शेवटाला तीन तास

भारत १ बाद ७. डिफ्रेटसने गावसकरचा त्रिफळा उडवला. धावा ४.

विश्वचषकानंतर तो निवृत्त होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. घरचं मैदान, घरचे लोक, पाच दिवसांपूर्वीचं शतक. गोष्ट लिहिणाऱ्याने इथे आणखी एक शतक लिहिलं असतं. झालं असं, की तो मान खाली घालून परत निघाला आणि ती वाट त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची शेवटची ठरली.

शेवटाला दोन तास

श्रीकांत ३१, सिद्धू २२. दोघांनाही नील फॉस्टरने काढलं. ३ बाद ७३. चौथ्या क्रमांकाच्या आसपास वेंगसरकर जिथे असायचा, तिथे आता अझरुद्दीन आणि पंडित. दोघांनी धावसंख्या १२१ वर नेली. पंडित २४ वर पायचीत, पुन्हा फॉस्टरच. त्याच्या २४ धावांना नावं ठेवायचं कारण नाही. पाहुण्याच्या पाटावर बसलेला माणूस तो, जेवढं वाढलं तेवढं नीट जेवला.

शेवटचा तास

कपिल आला. २२ चेंडूंत ३०. वानखेडे पुन्हा जागं झालं. रेडिओभोवती बसलेल्यांनी आवाज वाढवला. चारच वर्षांपूर्वीच्या विश्वचषकात टनब्रिज वेल्सला ५ बाद १७ वरून नाबाद १७५ करणारा हाच माणूस होता.

हेमिंग्ज गोलंदाजीला होता. गॅटिंग मिडविकेटच्या सीमेवर उभा राहिला. कपिलने उचलून मारलं ते थेट तिकडेच. ५ बाद १६८, अजून ८७ हव्या.

हा फटका दुर्दैव नव्हता. सीमेवर माणूस दिसत होता. पण आततायीपणा म्हणून कपिलला फासावर चढवायलाही मी तयार नाही. चार वर्षांपूर्वी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर विव्ह रिचर्ड्सने असाच मिडविकेटकडे उचलून मारला होता आणि मागे धावत जाऊन झेल घेतला होता कपिलने. तेव्हा आपण रिचर्ड्सच्या आततायीपणावर पेढे वाटले होते.

अझर उभा होता, ७४ चेंडूंत ६४ वर. तो आहे तोवर आशा होती. २०४ वर हेमिंग्जने त्याला पायचीत पकडलं. आता ५१ हव्या, चार विकेट बाकी.

एम्बुरीने मोरेचा झेल स्वतःच घेतला, शून्य. २०५. प्रभाकर ४. २१८. चेतन शर्मा, नागपूरचा नायक, लॅम्बकडे झेल, शून्य. २१९. शास्त्री २१. २१९. शेवटच्या पाच विकेट १५ धावांत पडल्या आणि २७ चेंडू तसेच राहिले. हेमिंग्जने ३४ चेंडूंत २१ धावा देऊन चौघांना बाद केलं होतं.

२७ चेंडू शिल्लक ठेवून हरण्यात नशिबाचा काय दोष, हे मला कुणी समजावून सांगावं.

शेवटानंतर तीन दिवस

८ नोव्हेंबर, ईडन गार्डन्स. इंग्लंड २५४ चं लक्ष्य गाठेल असं वाटत होतं. अ‍ॅलन बॉर्डर हा कामचलाऊ फिरकी गोलंदाज आपला पहिला चेंडू टाकायला आला आणि गॅटिंगने त्यावर रिव्हर्स स्वीप मारला. चेंडू बॅटला लागला आणि खांद्यावर आदळून यष्टिरक्षक डायरकडे. मुंबईत स्वीपनेच सामना काढणाऱ्या कर्णधाराचा घात स्वीपच्या उलट्या भावाने केला. ऑस्ट्रेलिया ७ धावांनी विजयी. नागपूरला दहा षटकं आधी जिंकून आपण ज्यांना लाहोरची वाट दाखवली होती, विश्वचषक तेच घेऊन गेले.

कपिलचं कर्णधारपद गेलं. २५ नोव्हेंबरला दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा नाणेफेकीला उतरला दिलीप वेंगसरकर. पोट ठीक होतं. दुसऱ्या डावात त्याने १०२ केल्या. सामना वेस्ट इंडिजने पाच गडी राखून जिंकला.